डोकेदुखीचा पुरावा आणायचा कुठून?

क्ष-किरणात न दिसणारी, रक्ताच्या तपासणीत न सापडणारी वेदना सरकारदरबारी सिद्ध कशी करायची, हा प्रश्न अमेरिकेतील लाखो माजी सैनिकांपुढे आहे. भारतीय सैनिकांसाठीही तो परका नाही.

इराकमधील ऐन अल-असद या हवाई तळावर ८ जानेवारी २०२० रोजी इराणची क्षेपणास्त्रे कोसळली. जनरल कासिम सुलेमानी यांच्या हत्येचे ते प्रत्युत्तर होते. हल्ल्यात एकाही अमेरिकी सैनिकाला इजा झाली नसल्याची ग्वाही तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी लगोलग दिली. पुढील काही आठवड्यांत मात्र मेंदूला इजा झालेल्या सैनिकांचा आकडा अकरावरून वाढत वाढत शंभराच्या वर गेला. दाव्होस येथे त्याविषयी विचारणा झाली, तेव्हा या सैनिकांना डोकेदुखी झाल्याचे आपल्या कानावर आले आहे, पण प्रकार फारसा गंभीर नाही, अशा आशयाचे उत्तर ट्रम्प यांनी दिले. 'व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स' या माजी सैनिकांच्या जुन्या संघटनेने त्यावर अध्यक्षांनी माफी मागावी, अशी मागणी केली.

पुढे मे २०२० मध्ये या हल्ल्यातील २९ सैनिकांना 'पर्पल हार्ट' हे युद्धात जखमी झालेल्यांना दिले जाणारे पदक जाहीर झाले. आणखी ३९ जणांना ते मिळण्यास डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. ज्या इजेची बातमी साऱ्या जगाने वाचली, तिची अधिकृत नोंद होण्यास इतका काळ लागत असेल, तर वाळवंटातील एखाद्या अनाम रस्त्यावर सुरुंगाच्या स्फोटाने हादरलेल्या सैनिकाची कथा काय असेल, याची कल्पना करता येते.

मराठीत 'डोकेदुखी' हा शब्द आपण किरकोळ कटकटीसाठीही सर्रास वापरतो. अमेरिकी प्रशासनातही या दुखण्याकडे पाहण्याची दृष्टी बराच काळ याहून फार वेगळी नव्हती. परंतु अंधाऱ्या खोलीत तास न् तास पडून राहावे लागणे, उजेड आणि आवाज सहन न होणे, उलट्या होणे आणि महिन्यातून अनेकदा कामावर जाता न येणे, हे ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न असतो. माजी सैनिक व्यवहार खात्याच्या अलीकडच्या वर्षांतील वार्षिक अहवालांत, सेवेमुळे जडलेल्या सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांच्या यादीत अर्धशिशीने पहिल्या दहांत स्थान मिळवले आहे.

तीन दुवे, एक साखळी

अपंगत्व भरपाईसाठी अमेरिकी माजी सैनिकाला साधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, विकार आज अस्तित्वात आहे. दुसरी, सेवेत असताना एखादी घटना, इजा वा आजार घडला होता. तिसरी, या दोहोंत कार्यकारणाचा दुवा आहे. या तिन्ही कड्या जुळल्या तरच विकार 'सेवाजन्य' ठरतो. त्यानंतर त्याची तीव्रता किती टक्के, हा पुढचा प्रश्न येतो.

गुडघा निकामी झाला किंवा बोट तुटले, तर पहिली कडी डोळ्यांना दिसते. डोकेदुखीचे तसे नाही. अर्धशिशीचे निदान आजही मुख्यत्वे रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते. सीटी स्कॅन किंवा एमआरआय केला जातो तो गाठ, रक्तस्राव यांसारखी अन्य कारणे नाहीत याची खात्री करण्यासाठी. अर्धशिशीच्या रुग्णात हे अहवाल बहुधा निर्दोष येतात. मेंदूच्या सौम्य इजेतही हीच स्थिती असते. म्हणजे निर्दोष अहवाल हा वेदना नसल्याचा पुरावा नव्हे. दाव्यांच्या फायलींत मात्र तो अनेकदा तसा वाचला जातो.

या बाबतीत अमेरिकी न्यायालयांनी माजी सैनिकांना काही प्रमाणात हात दिला आहे. निदानाचे नाव नसले तरी काम करण्याच्या क्षमतेवर परिणाम करणारी वेदना हेच अपंगत्व ठरू शकते, असा निर्वाळा फेडरल सर्किट न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये सॉन्डर्स खटल्यात दिला. त्यापूर्वी सुमारे दोन दशके याच्या नेमके उलट सूत्र प्रमाण मानले जात होते.

तेव्हा नोंद का झाली नाही?

सर्वांत मोठी अडचण दुसऱ्या कडीची आहे. सैन्यात डोके दुखते म्हणून वैद्यकीय कक्षाची पायरी चढणे हे कमकुवतपणाचे लक्षण समजले जाते. तुकडी मोहिमेवर निघालेली असताना मागे राहणे कोणाला नको असते. बढतीवर किंवा वैमानिक, कमांडो यांसारख्या जबाबदाऱ्यांवर परिणाम होण्याची धास्ती वेगळीच. त्यामुळे सैनिक दुकानात मिळणारी वेदनाशामक गोळी घेतो आणि कामाला लागतो. दहा वर्षांनंतर दावा दाखल होतो, तेव्हा फायलीत डोकेदुखीचा उल्लेखच सापडत नाही.

इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांनी हा प्रश्न ठळक केला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या नोंदींनुसार २००० पासून मेंदूला इजा झाल्याचे निदान झालेल्या सैनिकांची संख्या चार लाखांहून अधिक आहे. त्यांपैकी बहुसंख्य इजा 'सौम्य' गटातील आहेत. तथापि स्फोटापासून ५० मीटरच्या परिसरात असलेल्या सैनिकाची तपासणी आणि किमान २४ तासांची विश्रांती सक्तीची करणारा आदेश निघाला तो जून २०१० मध्ये. तोवर इराक युद्धाला सात, तर अफगाणिस्तानातील युद्धाला आठ वर्षे उलटून गेली होती. त्याआधीच्या असंख्य स्फोटांची वैद्यकीय नोंदच झालेली नाही.

त्याहून सूक्ष्म प्रश्न वारंवार बसणाऱ्या छोट्या हादऱ्यांचा आहे. तोफखान्यातील जवान, खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी अस्त्रांचे प्रशिक्षक, दारे उडवून आत शिरणारी पथके यांना शत्रूच्या नव्हे, तर स्वतःच्याच शस्त्रांच्या दाबलहरी झेलाव्या लागतात. येथे बोट ठेवता येईल असा एकही 'अपघात' नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये संरक्षण खात्याने या दाबलहरींपासून बचावाचे नियम आणि नव्या सैनिकांच्या आकलनक्षमतेची प्रारंभीच चाचणी घेण्याचे धोरण जाहीर केले. नव्या पिढीसाठी ती मोलाची तरतूद आहे. जुन्यांच्या फायली मात्र कोऱ्याच राहणार आहेत.

अशा कोऱ्या फायलींचे काय करायचे, याचे उत्तरही न्यायालयांतूनच आले. समकालीन वैद्यकीय नोंद नाही एवढ्याच कारणावरून सैनिकाचे किंवा त्याच्या निकटवर्तीयांचे कथन अविश्वसनीय ठरवता येणार नाही, असे २००६ च्या ब्युकॅनन खटल्यात स्पष्ट झाले. डोके दुखते की नाही हे सांगण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. स्वतः अनुभवलेली लक्षणे सांगण्यास सामान्य माणूस सक्षम आहे, हे त्यामागील तत्त्व होय. साहजिकच पत्नीचे, सोबत्याचे, वरिष्ठाचे लेखी निवेदन या दाव्यांत महत्त्वाचे ठरू लागले. सोबतच्या जवानाने स्फोटाचा दिवस, ठिकाण आणि त्यानंतरची अवस्था नेमकी लिहिली, तर हरवलेल्या नोंदीची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

डॉक्टरांच्या मताचे वजन

तिसरी कडी डॉक्टरांच्या हातात आहे. आजची डोकेदुखी त्या वेळच्या इजेमुळे असण्याची शक्यता किमान निम्म्याला निम्मी आहे, असे मत त्यांना द्यावे लागते. फौजदारी खटल्यासारखी संशयातीत खात्री येथे अपेक्षित नाही. बाजूचा आणि विरोधातील पुरावा समतोल असेल, तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला द्यावा, असे कायदाच सांगतो. बरोबरीचा सामना दावेदाराने जिंकल्याचे मानणारी ही तरतूद उदार आहे, यात शंका नाही.

व्यवहारात मात्र बरेच दावे याच कडीवर तुटतात. 'संबंध असू शकतो' एवढेच लिहिणारे प्रमाणपत्र फारसे उपयोगी पडत नाही. 'असू शकतो' याचा अर्थ 'नसूही शकतो' असाच होतो, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. २००८ च्या निव्हेस-रॉड्रिग्ज खटल्यात तर याहून पुढचा निकष पुढे आला. मताचे वजन डॉक्टरांच्या हुद्द्यावर किंवा त्यांनी किती जाडजूड फाइल चाळली यावर ठरत नाही. त्यांनी दिलेल्या कारणमीमांसेवर ते ठरते. दाव्यांच्या तपासण्यांपैकी बहुतांश तपासण्या आता खात्याचे स्वतःचे डॉक्टर न करता कंत्राटी कंपन्यांचे डॉक्टर करतात. अल्प वेळेच्या एकाच भेटीत वीस वर्षांच्या वेदनेचा इतिहास उलगडणे त्यांनाही सोपे नाही.

वैद्यकशास्त्राचे निकष आणि कायद्याचे निकष यांतील फरकही येथे अडचणीचा ठरतो. डोकेदुखीच्या विकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार इजेनंतरची डोकेदुखी म्हणायची, तर ती साधारणपणे सात दिवसांच्या आत सुरू झालेली असावी लागते. तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर ती चिवट स्वरूपाची मानली जाते. ही सात दिवसांची मर्यादा संशोधनात एकवाक्यता यावी म्हणून आखलेली आहे. ज्या सैनिकाने पहिला महिना धुराळ्यात आणि निद्रानाशात काढला, त्याला डोके नेमके कोणत्या दिवशी दुखू लागले हे आठवणे कठीण असते. म्हणूनच जाणकार डॉक्टर मत देताना केवळ तारखेवर न विसंबता इजेपूर्वीची प्रकृती, लक्षणांचे सातत्य, कुटुंबातील अर्धशिशीचा इतिहास आणि अन्य संभाव्य कारणे या सर्वांचा ऊहापोह करतात.

आणखी एक मार्ग दुय्यम संबंधाचा आहे. डोकेदुखी थेट स्फोटामुळे नसेल, परंतु सेवाजन्य ठरलेल्या मानेच्या दुखापतीमुळे किंवा युद्धोत्तर मानसिक आघातामुळे जडली वा बळावली असेल, तरीही भरपाई मिळू शकते. 'जडली' आणि 'बळावली' या दोन्ही प्रश्नांची स्वतंत्र उत्तरे डॉक्टरांनी द्यावी लागतात. त्यांपैकी एकच दिले गेले म्हणून फेरतपासणीसाठी परत आलेली प्रकरणे पुष्कळ आहेत.

निदान झाले, वाट बंद झाली

१९९०-९१ च्या आखाती युद्धात सुमारे सात लाख अमेरिकी सैनिक उतरले होते. परतल्यावर त्यांतील अनेकांना थकवा, सांधेदुखी, विस्मरण, डोकेदुखी अशा तक्रारी सुरू झाल्या. कारण कोणालाच सांगता येईना. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या निदान न झालेल्या आजारांसाठी भरपाईची तरतूद केली. नियमांतील लक्षणांच्या यादीत डोकेदुखीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्रास सहा महिने वा अधिक काळ टिकला आणि तो ठरावीक तीव्रतेचा असला, तर सेवेशी असलेला संबंध डॉक्टरांकरवी सिद्ध करावा लागत नाही. तो गृहीत धरला जातो.

गोम अशी, की ही सवलत निदान 'न झालेल्या' दुखण्यासाठी आहे. त्याच डोकेदुखीला डॉक्टरांनी अर्धशिशी असे नाव दिले, तर ती ज्ञात व्याधी ठरते आणि गृहीतकाची वाट बंद होऊ शकते. उपचारासाठी जे निदान हवे, तेच भरपाईच्या आड येते. मग सैनिकाला पुन्हा तीन कड्यांच्या मूळ मार्गाकडे वळावे लागते. विषारी धूर आणि कचरा जाळण्याच्या खड्ड्यांमुळे झालेल्या आजारांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या 'पॅक्ट' कायद्याने गृहीत आजारांची यादी बरीच विस्तारली. पण तिच्यात भर आहे तो मुख्यतः कर्करोगांवर आणि श्वसनविकारांवर.

'आडवे पाडणारा' झटका

संबंध मान्य झाला, तरी टक्केवारीचा टप्पा उरतो. अर्धशिशीसाठी नियमावलीत ८१०० क्रमांकाची नोंद आहे. तिच्यात शून्य, १०, ३० आणि ५० टक्के अशा चारच पायऱ्या आहेत. माणसाला आडवे पाडणारे झटके सरासरी दोन महिन्यांतून एकदा येत असतील तर १० टक्के, महिन्यातून एकदा येत असतील तर ३० टक्के. पूर्णतः आडवे पाडणारे झटके अतिशय वारंवार येत असतील, दीर्घकाळ टिकत असतील आणि त्यांमुळे उपजीविकेवर तीव्र परिणाम होत असेल तर ५० टक्के. याहून वरची पायरी नाही. २०२५ मधील दरांनुसार एकट्या माजी सैनिकाला १० टक्क्यांना दरमहा सुमारे १७५ डॉलर, ३० टक्क्यांना ५३७, तर ५० टक्क्यांना ११०२ डॉलर मिळत होते. म्हणजे झटके दोन महिन्यांतून एकदा की महिन्यातून एकदा, या एका उत्तरावर उत्पन्न तिपटीने बदलते.

गंमत म्हणजे 'आडवे पाडणारा' या कळीच्या शब्दाची व्याख्या मूळ नियमात नाही. झटका आला तरी कण्हत-कुथत कामावर जाणारा सैनिक, रजा परवडत नाही म्हणून गेला की झटका सौम्य होता म्हणून, हे तपासणाऱ्याने ठरवायचे असते. जो अधिक सोसतो त्याला कमी मिळण्याची शक्यता येथे निर्माण होते. उपजीविकेवरील परिणामाच्या शब्दयोजनेबाबत न्यायालयाने २००४ च्या पिअर्स खटल्यात थोडा दिलासा दिला. नोकरी प्रत्यक्षात गेलीच पाहिजे असे नाही, झटके तसा परिणाम घडवण्याजोगे असले तरी पुरेसे ठरू शकते, असा त्याचा अर्थ लावता येतो. स्फोटानंतर विस्मरण, चिडचिड, चक्कर असे त्रास असतील, तर त्यांचे मूल्यमापन मेंदूच्या इजेच्या वेगळ्या नोंदीखाली होते. डोकेदुखीचे स्वतंत्र निदान असल्यास तिला वेगळी टक्केवारी मिळू शकते. मात्र एकाच लक्षणाची भरपाई दोनदा घेता येत नाही.

या साऱ्यात सर्वांत स्वस्त आणि प्रभावी पुरावा म्हणजे डोकेदुखीची रोजनिशी. झटका केव्हा आला, किती तास टिकला, कोणते औषध घेतले, काय करता आले नाही, हे त्याच दिवशी लिहिलेले चार शब्द नंतरच्या चार पानी प्रतिज्ञापत्राहून बोलके ठरतात. त्याला कार्यालयातील रजेच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आपत्कालीन कक्षातील भेटींची जोड मिळाली, की वारंवारितेचा प्रश्न अंदाजावर राहत नाही.

उलट बाजूही आहे. ज्या विकाराचे मोजमाप रुग्णाच्या शब्दावर अवलंबून असते, त्यात अतिशयोक्तीला वाव असतो, हा आक्षेप अमेरिकेत पुन्हा पुन्हा घेतला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. खात्याची मान्यता नसताना भरपाईतील हिस्सा घेऊन दावे तयार करून देणाऱ्या आणि ठोकळेबाज वैद्यकीय पत्रे पुरवणाऱ्या कंपन्यांनी या संशयात भर घातली आहे. शेकडो जणांसाठी शब्दशः सारखीच वाक्ये असलेले पत्र वाचून अधिकारी साशंक झाला, तर त्याला दोष कसा द्यावा? नुकसान होते ते खऱ्या रुग्णाचे. त्याच्या वाट्यालाही तोच अविश्वास येतो.

भारतातील चित्र

भारतात अपंगत्व निवृत्तिवेतनाची चौकट वेगळी असली, तरी पेच तोच आहे. येथे विकार लष्करी सेवेमुळे जडलेला किंवा सेवेमुळे बळावलेला असावा लागतो आणि तो किमान २० टक्के असावा, असा दीर्घकाळचा दंडक आहे. निर्णयाचा पाया असतो तो सेवामुक्तीच्या वेळी बसणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल. 'लष्करी सेवेशी संबंध नाही' अशा एका ओळीच्या शेऱ्याने वर्षानुवर्षे अनेकांचे अर्ज निकाली निघाले.

या पद्धतीला हादरा दिला तो सर्वोच्च न्यायालयाच्या धर्मवीर सिंग खटल्यातील जुलै २०१३ च्या निकालाने. सिग्नल कोअरमधील या जवानाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या कारणावरून १९९४ मध्ये घरी पाठवण्यात आले होते. त्यालाही प्रकृती जन्मजात असल्याचे सांगून निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. भरतीच्या वेळी जवान तंदुरुस्त होता आणि आजाराची कोणतीही नोंद तेव्हा झाली नव्हती. मग आजार सेवेतच उद्भवला असे मानले पाहिजे, आणि तसे नसल्याचे वैद्यकीय मंडळाला म्हणायचे असेल तर त्याने कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. १९८२ च्या नियमांनुसार सिद्धतेचे ओझे जवानावर नाही आणि संशयाचा फायदा त्याचाच, हेही न्यायालयाने अधोरेखित केले. मज्जासंस्थेच्या, बाहेरून न दिसणाऱ्या विकारांसाठी हा निकाल मैलाचा दगड ठरला. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबईसह विविध खंडपीठांपुढे तो आजही आधार म्हणून मांडला जातो.

त्यानंतर २१ सप्टेंबर २०२३ पासून संरक्षण मंत्रालयाने नवे नियम लागू केले. अपंगत्व लाभांचा गैरवापर रोखणे हा त्यामागील हेतू असल्याचे सांगण्यात आले. खऱ्या पीडितांनाच त्याची झळ बसेल, अशी भीती माजी सैनिकांच्या संघटनांनी व्यक्त केली. अमेरिकेतील वादाचेच हे भारतीय रूप होय. दोन्हीकडे प्रश्न पैशांइतकाच विश्वासाचा आहे.

एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकी माजी सैनिक सेवा सोडल्यावर अनेक वर्षांनीही दावा करू शकतो. भारतात बहुतेक वेळा सेवामुक्तीच्या मंडळाने काय लिहिले, यावरच पुढचे सारे अवलंबून राहते. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील गावोगावच्या घरांतून जे तरुण सैन्यात जातात, त्यांच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. स्फोटानंतर, अपघातानंतर किंवा उंचावरील तैनातीनंतर सुरू झालेली डोकेदुखी युनिटच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत चढली पाहिजे आणि त्या नोंदीची प्रत जवानाच्या हाती असली पाहिजे. मंडळापुढे उभे राहिल्यावर सांगितलेल्या शब्दापेक्षा त्या कागदाला अधिक मोल असते.

पण सारी जबाबदारी जवानावर टाकून चालणार नाही. दुखणे सांगणाऱ्याकडे कामचुकार म्हणून पाहिले जाईल, तोवर नोंदवह्या कोऱ्याच राहतील. कोऱ्या नोंदवह्यांच्या आधारे नंतर दावे फेटाळायचे, ही प्रशासनाला सोयीची ठरणारी पद्धत आहे. स्फोटाच्या परिघात असलेल्या प्रत्येकाची सक्तीने तपासणी, मंडळाच्या प्रत्येक नकाराला लेखी कारणे आणि निवृत्तीनंतर उद्भवलेल्या लक्षणांसाठी फेरतपासणीची सुलभ सोय, या तीन गोष्टींना अवाढव्य खर्च येत नाही. त्या झाल्या, तर खोटे दावे आपोआप उघडे पडतील आणि खऱ्या रुग्णाला आपली वेदना सिद्ध करण्यासाठी न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत.